सायकल चोरीला गेल्यावर काय करावे आणि पुढची सायकल कशी सांभाळावी

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांच्या दहावीतल्या मुलाची दोन वर्षांपूर्वी चौदा हजारांना घेतलेली गिअरची सायकल क्लासच्या बाहेरून संध्याकाळी चोरीला गेली. मागच्या चाकाचे लॉक लावलेले होते आणि चावी अजूनही मुलाच्या खिशातच आहे. आता पोलिसांत जाऊन काही उपयोग आहे का, आणि नवी सायकल घेतली तर ती टिकावी म्हणून कोणते कुलूप घ्यावे, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत. सायकल विक्री आणि दुरुस्तीचा व्यवसाय मी याच शहरात आयुष्यभर केला आहे, आणि सायकल गेलेली माणसे बहुधा पोलिसांकडे जाण्याआधी आमच्यासारख्यांकडे येतात. त्यामुळे या दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर देणे मला माझे काम वाटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि आजच जावे. मात्र जाण्यापूर्वी हाताशी काय असायला हवे ते आधी सांगतो, कारण सायकल परत मिळणे किंवा न मिळणे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

मोटारसायकलीला नंबरप्लेट असते, आरटीओत नोंद असते, आरसी बुक असते. सायकलीला यातले काहीच नसते. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत, तीही पद्धत केव्हाच बंद झाली. जपानमध्ये 1994 पासून प्रत्येक सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. याचा परिणाम असा होतो की पोलिसांनी एखादा चोर पकडला आणि त्याच्याकडून दहा-बारा सायकली हस्तगत केल्या, तरी त्या कोणाच्या हे सांगणारा कागद कुणाकडेच नसतो. पोलीस ठाण्याच्या आवारात पावसा-उन्हात गंजत पडलेल्या सायकली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी सायकलींचा मालक याच शहरात आहे, त्याला सायकल हवीही आहे. परंतु ‘लाल रंगाची, गिअरची, पुढे डिस्क ब्रेक’ एवढेच त्याला सांगता येते, आणि एवढ्या वर्णनावर कोणताही अंमलदार सायकल हवाली करू शकत नाही.

ओळख पटवणारी गोष्ट म्हणजे फ्रेम नंबर. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, की दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) ज्या नळीत बसतात त्या नळीच्या पोटाला, म्हणजे बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) खाली, बहुतेक कंपन्यांच्या सायकलींवर तो ठोकलेला असतो. काही मॉडेलवर तो सीटच्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर असतो. वापरातल्या सायकलीवर तो सहसा दिसत नाही, कारण चेनचे तेल आणि सोलापूरची धूळ यांचा तिथे घट्ट थर बसलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो थर पुसून काढावा, जागा कोरडी करून त्यावरून पांढरा खडू आडवा घासावा आणि कोरड्या बोटाने वरवर पुसावे. खडू आकड्यांच्या खाचांत राहतो आणि नंबर काळ्या रंगावर पांढरा उठून दिसतो. मग मोबाइलने दोन फोटो घ्यावेत, एक अगदी जवळून आणि दुसरा नंबरासह संपूर्ण सायकल दिसेल असा. दुसरा फोटो नसेल तर पहिला कोणत्या सायकलीचा आहे, हा प्रश्न पुढे उभा राहतो.

ज्यांची सायकल आज घरी उभी आहे त्यांनी हे काम आजच उरकावे. ज्यांची गेली आहे त्यांनी बिल शोधावे. अनेक दुकानदार बिलावर फ्रेम नंबर लिहितात. बिल सापडत नसेल तर जिथून सायकल घेतली त्या दुकानात जावे, कारण बिलाची स्थळप्रत किंवा संगणकावरील नोंद तिथे असू शकते. ऑनलाइन घेतली असेल तर ईमेलमध्ये पावती असते. वॉरंटी कार्ड, सायकल ज्या खोक्यातून आली त्यावरचे लेबल, मुलाच्या वाढदिवसाला काढलेले सायकलीसह फोटो, सर्व्हिसिंगची पावती, हे सगळे एकत्र करावे. त्या सायकलीला नंतर काय बदलले तेही आठवून लिहावे. मागचा टायर वेगळ्या कंपनीचा आहे, डाव्या पायडलचा रिफ्लेक्टर तुटला आहे, वरच्या नळीवर भिंतीला घासून पडलेला ओरखडा आहे, असे बारकावे चोराला माहीत नसतात आणि सायकल समोर आल्यावर मालकाच्या शब्दाला वजन देतात.

आता पोलीस ठाण्याविषयी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे आणि चोरीचे कलम आता 303 आहे. जुने 379 अनेकांच्या तोंडी अजून आहे. चोरीला पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. यात एक बाब सायकलवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावी. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टात पाच हजारांखालच्या अशा चोरीचा प्रकार अदखलपात्र दाखवला आहे. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, केवळ नोंद घेऊन तिची प्रत देतात. म्हणून सायकलीची किंमत बिलानिशी सांगता येणे फार महत्त्वाचे आहे. आपली सायकल चौदा हजारांची होती आणि दोन वर्षे वापरली आहे. तिची आजची किंमत पाच हजारांहून निश्चितच अधिक आहे, तेव्हा बिल दाखवून तसे फिर्यादीत स्पष्ट लिहून घ्यावे. किंमत वाढवून सांगण्याची गरज नाही आणि सांगूही नये. परंतु ‘जुनीच होती, दोन-तीन हजार मिळाले असते’ असे संकोचाने बोलून जाणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्या एका वाक्याने तपासाचा मार्ग अरुंद होतो.

सायकल राहत्या घरातून किंवा इमारतीच्या आतून गेली असेल तर तेही ठळकपणे सांगावे. राहत्या घरातील चोरीसाठी 305 हे वेगळे कलम आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची वरील सवलत त्या कलमात नाही. आपली सायकल रस्त्यावरून गेली असल्याने आपल्याला ते लागू होणार नाही. परंतु हे वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल.

ठाण्यात गेल्यावर शब्द जपून वापरावा. ‘सायकल हरवली आहे’ असे म्हटले, तर वस्तू गहाळ झाल्याचा दाखला हाती येतो. तो दाखला सिमकार्ड किंवा ओळखपत्र पुन्हा काढायला पुरतो. त्यावर चोरीचा तपास होत नाही. सायकल लॉक लावून अमुक ठिकाणी अमुक वेळी उभी केली होती, अमुक वेळी परत आलो तेव्हा ती तिथे नव्हती, आणि ती चोरीस गेली आहे, अशी फिर्याद द्यावी. शहरातली ठाणी पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहेत आणि तालुक्यातली ग्रामीण पोलिसांच्या. हद्द कोणती याबद्दल संभ्रम असला तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते आणि ते ठाणे पुढे ती योग्य ठिकाणी पाठवते. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देण्याचीही तरतूद आहे, मात्र तीन दिवसांच्या आत सही केल्यावरच ती नोंदीवर घेतली जाते. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनाशुल्क मिळते; ती घेतल्याशिवाय उठू नये. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेतला नाही, तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. व्यवस्थित कागद घेऊन, शांतपणे आणि मोजके बोलणाऱ्या माणसाला मात्र या पायरीपर्यंत सहसा जावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची असते. दुकाने आणि क्लासमधील कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे येते. किती दिवसांनी, हे त्यांच्या हार्डडिस्कवर अवलंबून असते. कुठे आठवडा, कुठे महिना. म्हणून चोरी लक्षात येताच त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला भेटून तेवढ्या वेळेचे चित्रण राखून ठेवण्याची विनंती करावी आणि कॅमेरा कुठे कुठे आहे त्याची यादी पोलिसांना द्यावी. पडद्यावरचे दृश्य आपल्या मोबाइलने टिपून घेणे शोधासाठी उपयोगी आहे. न्यायालयात मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ चित्रण पोलिसांनीच रीतसर घेणे आवश्यक आहे.

फिर्याद देऊन घरी बसू नये. सायकली नेणाऱ्यांत मला तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे पोरसवदा मुले; ती मौजेसाठी किंवा घरी जाण्यासाठी सायकल नेतात आणि काम झाले की कुठेतरी टाकून देतात. दुसरा नशेसाठी पैसे हवे असलेला, जो सायकल लगेच भंगाराच्या भावाने विकून टाकतो. तिसरा जाणकार, जो गिअरच्या सायकलीच हेरतो, त्या काही दिवस दडवून ठेवतो आणि दुसऱ्या गावी किंवा सुटे भाग करून विकतो. पहिल्या प्रकारातली सायकल बहुधा चोरीच्या जागेपासून फार लांब नसते, म्हणून त्याच रात्री आणि दुसऱ्या सकाळी आजूबाजूच्या गल्ल्या, मोकळे प्लॉट, बांधकामे, बागा, संभाजी तलावाचा परिसर, रेल्वे स्टेशन व एसटी स्टँडची वाहनतळे पाहून यावीत. दुसऱ्यासाठी भंगाराच्या दुकानांत फोटो द्यावेत. तिसऱ्यासाठी शहरातल्या जुन्या सायकली घेणाऱ्या-विकणाऱ्यांकडे आणि दुरुस्तीच्या दुकानांत फ्रेम नंबरासह माहिती पोहोचवावी, कारण कोणतीही सायकल कधी ना कधी पंक्चरला किंवा गिअर जुळवायला येतेच.

आमच्या दुकानात येणारी सायकल कशी बोलते, तेही सांगण्यासारखे आहे. एकदा एक तरुण चांगल्या प्रतीची गिअरची सायकल घेऊन आला आणि स्टिकर खरवडून ती पूर्ण काळी करून मागू लागला. सीट त्याच्या उंचीला साजेल त्यापेक्षा बरीच खाली होती आणि ती वर घ्यावी असे त्याला सुचलेही नव्हते. मागच्या चिमट्याच्या दोन्ही नळ्यांवर जिथे लॉकचे क्लॅम्प असतात, तिथे बोटभर पट्टा नव्यासारखा चकचकीत होता आणि त्याच्या कडेला धातूपर्यंत गेलेले ताजे ओरखडे होते. चाकाचे दोन आरे त्याच जागी वाकलेले होते. सायकल उलटी केली तर बीबीखालचा नंबर कानशीने घासलेला. अशा वेळी मी आरोप करत नाही आणि हुज्जतही घालत नाही. बिल आणि आधार कार्डाची प्रत आणा, मग काम धरतो, एवढेच सांगतो, आणि माणूस गेल्यावर ठाण्यात कळवतो. दुरुस्तीवाल्या प्रत्येकाने एवढे केले तरी चोरीची सायकल खपवणे फार कठीण होईल, आणि हे माझ्या व्यवसायबंधूंना मी आग्रहाने सांगत असतो.

आपली सायकल ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातीत किंवा कुणाच्या हातात दिसली, तर एकट्याने जाऊन ओढाताण करू नये. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याचे नाव आणि लिंक जपून ठेवावी, तपास अधिकाऱ्यांना द्यावी, आणि सायकल प्रत्यक्ष समोर असेल तर 112 वर फोन करावा. तिचा सध्याचा वापरकर्ता चोरच असेल असेही नाही. त्याने ती पैसे मोजून घेतली असेल; पण 1930 च्या वस्तु-विक्री कायद्याचे तत्त्व असे आहे की विकणाऱ्याकडे मालकी नसेल तर घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असून घेणाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम 317 खाली कारवाई होते. म्हणून आपण जर आता जुनी सायकल घेण्याच्या विचारात असाल, तर बिल, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि फ्रेम नंबर लिहिलेली सहीची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बाजारभावाच्या निम्म्याने मिळणारी चांगली सायकल सोडून द्यावी.

आता दुसरा प्रश्न. मागच्या चाकाचे लॉक का अपुरे पडले, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते लॉक चाक फिरू देत नाही, इतकेच त्याचे काम आहे. सायकल कोणत्याही स्थिर वस्तूला बांधलेली नसते. गिअरची साधारण सायकल पंधरा-सोळा किलोची असते. मागची बाजू उचलून पुढच्या चाकावर चालवत नेली, तर पाहणाऱ्याला वाटते की पोराची सायकल पंक्चर झाली आहे. रिक्षात किंवा टेम्पोत टाकायला तर अर्धे मिनिटही लागत नाही. शिवाय स्वस्त लॉकमध्ये चाव्यांचे प्रकार मोजकेच असतात. चावी हरवलेले गिऱ्हाईक आले की जुन्या चाव्यांचा जुडगा घेऊन त्यांतली एखादी लावून लॉक उघडणे हे आमच्याकडे नेहमीचे काम आहे, आणि जे आम्हाला जमते ते चोरालाही जमते. हे लॉक काढून टाकावे असे मी म्हणत नाही. किराणा दुकानात दोन मिनिटांसाठी शिरताना ते चांगलेच आहे. मुलगा दोन तास क्लासमध्ये बसणार असेल, तर त्याच्या जोडीला दुसरे कुलूप लागते, आणि ते फ्रेमला जमिनीत रोवलेल्या वस्तूशी बांधणारे असावे लागते.

बाजारात सर्वांत जास्त खपणारे म्हणजे प्लॅस्टिकचे आवरण असलेले केबल लॉक. दिसायला ते जाडजूड असते, परंतु आवरण सोलले तर आत बारीक तारांचा पीळ निघतो, आणि ब्रेकची वायर कापायला आम्ही जो कटर वापरतो त्याच जातीच्या जरा मोठ्या कटरने तो दोन-तीनदा दाबताच तुटतो. नंबरचे लॉक चावीची कटकट वाचवते. पण तीन आकड्यांचे असेल तर एकूण हजारच जोड्या असतात आणि निवांत बसलेला माणूस त्या अर्ध्या-पाऊण तासात फिरवून पाहू शकतो. त्यातही मुले लॉक लावताना फक्त शेवटचा आकडा एक घर पुढे सरकवतात, त्यामुळे चोराला हजार नव्हे, दहाच जोड्या पाहाव्या लागतात. चार आकड्यांचे घ्यावे आणि लावल्यावर सर्व चाकत्या फिरवाव्यात.

साखळीचे कुलूप घ्यायचे तर कड्यांची जाडी आणि पोलादाचा कडकपणा या दोन गोष्टी पाहाव्यात. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी साखळी जाड असली तरी मऊ असते. परीक्षा सोपी आहे. दुकानदाराच्या परवानगीने कडीच्या कोपऱ्यावर कानशीचा एक हलका हात मारावा. मऊ लोखंडात कानस चावते, दातांखाली खरखर जाणवते आणि पांढरी रेघ उमटते. कडक केलेल्या पोलादावरून ती नुसतीच घसरते. दहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड, चौकोनी कड्यांची, कडक पोलादाची साखळी हाती धरायच्या लहान कटरला दाद देत नाही. तिचे वजन दोन किलोंच्या आसपास जाते, हा तिचा तोटा आहे. मूल ती रोज वाहणार नाही. क्लासच्याच जागी ती कायम ठेवता आली तर उत्तम.

रोजच्या वापरासाठी माझा कौल यू-लॉकला आहे. तेरा-चौदा मिलिमीटर जाडीच्या कडक पोलादी दांड्याचे, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे यू-लॉक सायकलच्या फ्रेमवर अडकवून नेता येते, आणि ते तोडायला ग्राइंडरच लागतो. ग्राइंडरपुढे कोणतेही कुलूप टिकत नाही, हे मान्य करायला हवे. पण त्याचा आवाज आणि उडणाऱ्या ठिणग्या भरवस्तीत लपत नाहीत, आणि सोलापुरात सायकली नेणारे बहुतेक जण खिशात किंवा पिशवीत मावेल एवढ्याच हत्यारावर काम करतात. इंग्लंडमधील सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपे प्रत्यक्ष फोडून पाहते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. ऑनलाइन घेताना हा शिक्का असलेले कुलूप मिळाले तर निवड सोपी होते. चावी गोल नळीची नसावी, सपाट असावी. 2004 मध्ये अमेरिकेत एका नामांकित कंपनीची गोल चावीची महागडी यू-लॉक साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे उघड झाले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. आपल्याकडच्या स्वस्त यू-लॉकमध्ये तसल्या चावीची यंत्रणा मिळते, म्हणून घेताना पाहावे. एकूण हिशेब सांगायचा तर सायकलीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम कुलपासाठी बाजूला ठेवावी. चौदा हजारांची सायकल घेऊन दीडशे रुपयांच्या वायरला बांधणे मला पटत नाही, आणि गिऱ्हाइकाला मी ते तोंडावर सांगतो.

कुलूप चांगले असून लावण्याची पद्धत चुकली, तरी सायकल जाते. केवळ पुढचे चाक खांबाला बांधले तर चोर ते चाक तिथेच सोडून उरलेली सायकल नेतो. चाकाला क्विक रिलीजची, म्हणजे हाताने खटका उघडून सैल होणारी दांडी असेल तर त्याला पानाही लागत नाही. यू-लॉक मागच्या चाकाच्या रिममधून घ्यावे, आणि तेही सीटची नळी व मागच्या दोन्ही नळ्या मिळून जो त्रिकोण होतो त्याच्या आतल्या भागात, आणि त्याच फेऱ्यात खांब किंवा ग्रिल यावे. असे लावले की फ्रेम बांधली नाही असे वरवर वाटते, परंतु चाक त्या त्रिकोणातून मागे निघू शकत नाही, त्यामुळे चाक आणि फ्रेम दोन्ही एकाच छोट्या कुलपात अडकतात. पुढचे चाक मग एखाद्या वायरने फ्रेमला जोडावे. दुय्यम कामासाठी केबल लॉक चालते. कुलूप जमिनीला टेकू देऊ नये, कारण कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकला की जोर कित्येक पटींनी वाढतो. कुलपाच्या आत रिकामी जागा जितकी कमी, तितकी पहार किंवा जॅक घालायला अडचण. चावीचे भोक खाली तोंड करून ठेवावे. चोराला वाकावे लागते आणि आपल्याकडची धूळही आत कमी जाते. कुलपात मशीनचे तेल घालू नये, त्याला धूळ चिकटून उन्हाळ्यात आतल्या पिना जाम होतात. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चावीला लावून ती दोन-चार वेळा फिरवावी.

क्विक रिलीज काढून त्या जागी अ‍ॅलन कीने उघडणारी दांडी बसवून घ्यावी. सीटच्या क्लॅम्पलाही तेच करावे. चांगली सीट जाण्याचे प्रमाण थोडे नाही. ज्यांना अधिक काळजी वाटते त्यांच्यासाठी मी बोल्टच्या षटकोनी खाचेत बेताच्या मापाचा छर्रा बसवून वर मेण ओततो. मालकाला मेण उकरून छर्रा काढता येतो. चोराला उभ्या उभ्या तेवढा वेळ मिळत नाही.

बांधायचे कशाला, हा सोलापुरातला खरा प्रश्न आहे. नो पार्किंगच्या पाट्यांचे खांब बुटके असतात आणि सायकल कुलपासकट वरून उचलून काढता येते. काही तर हलवले तर मातीतून उपटून येतात. विजेच्या खांबाला आणि डीपीच्या जाळीला सायकल बांधू नये, पावसाळ्यात ते जिवावर बेतू शकते. नवी पेठ किंवा पार्क चौकासारख्या ठिकाणी दुकानाच्या पक्क्या ग्रिलला, दुकानदाराला विचारून बांधावी. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या परिसरात जी गर्दी होते, तीत चांगली सायकल नेऊच नये, आणि न्यायचीच तर टोकन देणाऱ्या वाहनतळावर लावून टोकनाचा फोटो काढून ठेवावा.

क्लासच्या चालकांना सर्व पालकांनी मिळून भेटावे, अशी माझी सूचना आहे. पन्नास मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप उलट्या यूच्या आकारात वाकवून, जमिनीवर पाऊण मीटर उंच आणि पाऊण ते एक मीटर लांब राहील असा, दोन्ही पाय फूटभर काँक्रीटमध्ये गाडून बसवला की त्याला दोन बाजूंनी दोन सायकली बांधता येतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कोणताही फॅब्रिकेटर हे काम करून देईल. अनेक शाळांत पुढचे चाक खाचेत अडकवायचे जे स्टँड असते, ते टाळावे. त्यात फ्रेम बांधता येत नाही आणि शेजारच्या सायकली कलंडल्या की रिम वाकते. सायकली क्लासच्या कॅमेऱ्यासमोर आणि दारातून दिसतील अशा ठिकाणी असाव्यात, मागच्या बोळात नव्हे.

घरच्या पार्किंगकडे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत रात्री अपार्टमेंटच्या तळमजल्यावरून गेलेल्या सायकली बऱ्याच असतात. जिन्याच्या गजाला वायर गुंडाळण्यापेक्षा भिंतीत किंवा कोब्यात अँकर बोल्टने पक्की कडी बसवावी, बोल्टचे डोके वेल्डिंगने बंद करावे आणि जड साखळी तिथेच कायम ठेवावी. वर नेता येत असेल तर सायकल घरातच घ्यावी.

मोबाइलशी जोडणारे छोटे ब्लूटूथ टॅग सध्या बरेच जण विचारतात. ते स्वतः उपग्रहाशी बोलत नाहीत. जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनमार्फत ठिकाण कळवतात. त्यामुळे वर्दळीत ते उपयोगी आणि निर्जन जागी जवळजवळ मुके असतात. सीटखाली किंवा नळीत लपवून ठेवायला हरकत नाही, मात्र कुलपाऐवजी नव्हे. विमा घेताना चोरीच्या दाव्याला प्रथम खबरी अहवाल आणि कुलूप लावल्याचा पुरावा लागतो का, हे अटींत वाचून घ्यावे.

नवी सायकल आली की पहिल्याच दिवशी बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्यावा. स्वस्त मॉडेलवर नंबर नुसत्या स्टिकरवर असतो किंवा एकाच खेपेच्या अनेक सायकलींवर सारखा असतो. म्हणून आपलीही एक खूण हवी. सीटची नळी उपसून तिच्या आत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सरकवावी. चोर रंग बदलतो, स्टिकर काढतो, पण सीटच्या नळीत डोकावत नाही. पोलादी फ्रेमवर आद्याक्षरे कोरता येतात. पातळ अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर पंच मारू नये, तिथून तडा जाऊ शकतो.

आपल्या मुलाची सायकल काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही सापडू शकते, म्हणून अहवालाची प्रत सांभाळून ठेवावी आणि महिन्यातून एकदा तपास अधिकाऱ्यांना भेटून नव्याने जप्त झालेल्या सायकली नंबराशी ताडून पाहाव्यात. सापडलीच, तर ती मुद्देमाल असते. ठाण्यातून थेट नेता येत नाही. न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळते, आणि त्यासाठी वर सांगितलेले बिल व फोटोच कामी येतात. ताब्यात घेताना तिचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. चोरांकडे राहिलेल्या सायकलीचे ब्रेक, चिमटा आणि चाकांचे नट बदललेले किंवा सैल असतात, तेव्हा मुलाच्या हाती देण्याआधी ती एकदा मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिचा रंग बदलू नये व ती विकू नये, कारण न्यायालयाने मागितली तर ती त्याच स्थितीत हजर करण्याची हमी आपण सुपूर्दनाम्यात दिलेली असते.